न मिळणारे कालवे

आंबेखोल संस्थानचे दिवाण भास्करराव मोठे उदार. तहानलेल्या खैरगावाला त्यांनी वचन दिलं, "आखलेले दोन कालवे जिथे मिळतील, तिथे हौद बांधू." कालव्यांच्या रेषांची समीकरणंही त्यांनी स्वतःच मांडून दिली.

गावच्या शिक्षिका मथुराबाईंनी ती सोडवली आणि त्या तडक दरबारात आल्या.

"महाराज, एक समीकरण 'य बरोबर दोन क्ष अधिक तीन', दुसरं 'य बरोबर दोन क्ष अधिक सात'. सोडवायला गेलं की तीन बरोबर सात उरतं! या रेषा समांतर आहेत, त्या कधीच मिळणार नाहीत."

दिवाण हसले. "मिळतात हो, जरा लांब. बाईंच्या गणिताची तिथवर मजल नाही."

महाराजांनी बाईंकडे पाहिलं. राग गिळून त्या नम्रपणे म्हणाल्या, "असेलही. दिवाणसाहेबांना ती जागा ठाऊक आहे, हे आमचं भाग्यच. मग हौद होईपर्यंत त्यांच्या घरचं पाणी फक्त तिथूनच आणावं."

"मंजूर!" महाराज म्हणाले.

संध्याकाळी दिवाणांच्या घरचे हंडे रिकामे झाले, आणि त्यांना स्वतःच्याच समीकरणात चूक दिसली. नव्या समीकरणात कालवे मिळाले, तेही थेट खैरगावच्या वेशीवर.