चंपावतीसाठी दोर

श्री येसोबा महाराजांचा मुक्काम त्या श्रावणात करंजडोह गावी, कांचनी नदीकाठच्या महादेवाच्या देवळात होता. त्यांना कुणी बोलावले नव्हते. महाराज बोलावल्याने येत नसत आणि घालवल्याने जात नसत, त्यामुळे गावोगावच्या लोकांनी दोन्ही प्रयत्न सोडून दिले होते. अंगावर एक घोंगडी, तीही निम्मी कुत्र्याच्या अंगावर. देवळात पोथी सुरू झाली की महाराज सगळ्यांच्या मागे, शेवटच्या खांबाला टेकून बसत आणि लहान मुलासारखे तोंड उघडे ठेवून ऐकत.

पोथी वाचायचा भिवा गुरव. दर श्रावणात, दुपारची भाकरी झाली की तो चंपावतीची पोथी उघडी. त्याचा गळा फाटका होता. त्यात तो वाचता वाचता रडे. इतकी वर्षे तीच पोथी वाचूनही पुढे काय होणार याचा त्याला दरवेळी धक्का बसे. पण भक्तहो, त्या फाटक्या गळ्याच्या फटीतूनच पोथी बाहेर येत असावी! कारण तो वाचू लागला की बायांच्या हातातल्या वाती तशाच राहत, बापे तंबाखू मळता मळता थांबत, आणि भांडलेल्या जावा एकमेकींच्या पदराला नाक पुसत.

गावाची एक रीत होती. पोथीतले माणूस संकटात असताना पोथी मिटायची नाही. त्याला निदान कोरड्या जागी पोचवायचे, मग उठायचे. एका वर्षी दुसऱ्या एका पोथीतला राजपुत्र सुळाखाली उभा होता, म्हणून अख्ख्या गावाची गुरे संध्याकाळपर्यंत तहानलेली राहिली. गुरांनीही काही तक्रार केली नाही.

ही रीत एकाच माणसाला मान्य नव्हती. ते म्हणजे गावचे शिदोजीराव पाटील. माणूस वाईट नव्हता, पण जे हाताने उचलता येत नाही ते नसतेच, असा त्यांचा ठाम विश्वास होता. त्या दिवशी त्यांचे मन तसेही थाऱ्यावर नव्हते. त्यांची एकुलती लेक सगुणा बाळंतपणानंतर पहिल्यांदाच पंचमीला माहेरी यायची होती. नदीपलीकडच्या सासरहून, चार महिन्यांचे बाळ घेऊन. घर सारवायचे होते, झोपाळा बांधायचा होता आणि घरचा एकही गडी जागेवर सापडत नव्हता. शोधत शोधत पाटील देवळात आले. वहाणा त्यांनी बाहेर काढल्या, संताप मात्र आत आणला.

आत चंपावती पाण्यात होती. राजाची ही आवडती राणी. सवतींनी डाव साधून तिला तान्ह्या बाळासकट लाकडी पेटीत घातले होते आणि पेटी नदीत सोडून दिली होती. पाटलांचे तिन्ही गडी ओळीने बसून हुंदके देत होते. भिवा वाचत होता :

धांव धांव गा कृपानिधी ।
पैलतीर न दिसे कधीं ।
बाळ भुकेलें नदीमधीं ।

ओवीचा चौथा चरण यायच्या आत पाटलांनी पुढे होऊन पोथी मिटली.

"अहो पाटील!" भिवा कळवळला. "ती पाण्यात हाय!"

"कोण पाण्यात आहे?"

"चंपावती."

"कागदावरची बाई, कागदावरची नदी!" पाटील गरजले. "त्यात बुडून बुडून कोण बुडणार? शाई? आणि तू रे गुरवा, स्वतःच वाचतोस नि स्वतःच रडतोस. तुझा आवाज मागच्या खांबापर्यंत पोचत नाही आणि म्हणे देवाचा धावा!"

"खांबापर्यंत येतो," मागून महाराज म्हणाले. "मी खांबापाशीच आहे."

पाटलांनी तिकडे लक्ष दिले नाही. तेवढ्यात बायजाक्का उठली. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. पाटलांना तिने अंगाखांद्यावर खेळवले होते, म्हणून त्यांच्याशी ती तसेच बोले.

"शिदू, पोथी दे बाबा. पोरगी तिरावर लागू दे, मग काय ते कर."

"आक्का, दरवर्षी सुटते ना ती? मग यंदाही सुटेल."

"दरवर्षी आपण ऐकतो, म्हणून सुटते," बायजाक्का म्हणाली.

पाटील हसले. पोथी काखेत मारून ते घरी गेले आणि त्यांनी ती पेटाऱ्यात ठेवून वर कुलूप घातले.

त्या संध्याकाळी करंजडोहात कुणाला घास गेला नाही. लोक जेवायला बसत आणि नदीकडे बघत. बायजाक्का महाराजांसाठी भाकरी घेऊन गेली, तर महाराज म्हणाले, "आक्का, बाळ उपाशी आहे. मी कसा खाऊ?"

"मग काय करायचं म्हाराज?"

"नदीत आहे ना ती? मग सकाळी नदीवर जाऊ."

हे ऐकायला सोपे वाटले, त्यामुळे कुणाला काही शंका आली नाही. सकाळी सारा गाव नदीवर हजर! पावसाळ्यात विहिरीच्या मोटा बंदच असतात. लोकांनी मोटांचे जाड दोर काढून आणले आणि एकाला एक गाठवले. पाणी अजून फार चढले नव्हते. राणू कोळ्याने दोराचे टोक कमरेला बांधले, पोहत पलीकडे जाऊन ते करंजाच्या बुंध्याला आवळले आणि तो परत आला. अलीकडचे टोक देवळाच्या चिंचेला. नदी आडवी बांधून झाल्यावर गाव जरा शांत झाला. बायजाक्काने ताजी भाकरी फडक्यात गुंडाळून काठावर ठेवली, बाळासाठी शेळीचे दूध आणि कापसाचा बोळा ठेवला. कुणीतरी कोरडे लुगडे आणले. राणी नऊवारी नेसते की आणखी काही, यावर थोडा वाद झाला. पण भिजलेले माणूस मिळेल ते नेसते, असे ठरले.

भिवा गुरव मात्र पाण्याच्या कडेला एकटाच उभा होता. राणूने त्याला विचारले, "गुरव, तुला तर सगळी पोथी पाठ असंल. म्हणून टाक की पुढचं. लावून टाक तिला तिराला."

"येतं रे सगळं," भिवा म्हणाला. "पण पोथी समोर नसली की पुढचं तोंडातून निघत न्हाई. लबाडी केल्यागत वाटतं. पाटलांनी जिथं मिटली तितकंच माझ्याजवळ हाय."

महाराज म्हणाले, "मग तितकंच म्हण."

भिवा तितकेच म्हणू लागला. तीनच चरण, पुन्हा पुन्हा. "बाळ भुकेलें नदीमधीं" म्हणून तो थांबे, डोळे पुशी आणि पुन्हा "धांव धांव गा" सुरू करी. वर डोंगरात पाऊस कोसळत असावा. कांचनी लाल झाली आणि चढू लागली, तिच्या घोंघाटात शेजारच्याला शेजारच्याचे ऐकू येईना. भिवा म्हणतच होता.

दिवस चांगला वर आल्यावर पाटील तिकडून चालले. जरीचा फेटा, नवी वहाण. वरच्या उतारावर, नदी ओलांडायच्या जागी, सगुणा येणार होती. तो उतार गावापासून कोसभर वर. पुराच्या दिवसांत तिथे पाटलांची गूळ करायची काहील नाव म्हणून वापरत. मोठी, सपाट बुडाची लोखंडी कढई. माणूस आत बसे आणि दोघे पट्टीचे पोहणारे ती ढकलत पलीकडून आणत.

आडवा दोर, भाकरी, लुगडे हे सगळे बघून पाटलांना हसू आवरेना.

"काय रे, आली का पेटी?"

"अजून न्हाई पाटील," राणू गंभीरपणे म्हणाला. "पण पाणी चढलंय. यील."

"आली की माझाही रामराम सांगा! आणि आज तिकडे या, खरी माणसं खऱ्या नदीतून कशी येतात ते बघायला."

महाराज म्हणाले, "पाटील, नदीला खरं-खोटं कळत नाही. ती सगळ्यांना सारखीच नेते. पोथी देऊन जा."

"परत आलो की बघू," म्हणत पाटील गेले.

वरच्या उतारावर पोचून त्यांनी पाहिले, तर काहील पलीकडून निघालेली. आत सगुणा, मांडीवर बाळ. पाटलांनी फेटा सावरून हात वर केला. सगुणाने ओळखले, ती हसली. तेवढ्यात पुरात वाहत आलेले झाडाचे एक भले मोठे खोड काहिलीवर आदळले. पोहणाऱ्यांचे हात सुटले. ते दोघे धडपडत एका बाभळीला लागले आणि वाचले. काहील मात्र गरगर फिरत मधल्या धारेला लागली आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

पाटील काठाकाठाने धावत सुटले. फेटा काट्यात अडकून राहिला, एक वहाण चिखलात गेली. हाताने उचलता न येणाऱ्या सगळ्या देवांना ते नावे घेऊन हाका मारत होते.

इकडे गावातली पोरे ओरडली, "आली! आली!"

वळणावरून काहीतरी काळे, वाटोळे, फिरत फिरत येत होते. पोथीत पेटी म्हटले होते, ही काहील होती. पण अशा वेळी कुणी शब्द धरून बसत नाही.

"चंपावती आली!" सगळा गाव गरजला.

आता करंजडोहाला मधली धार पलीकडच्या खडकांवर जाऊन आपटते. तिथे सापडलेली वस्तू अलीकडे आल्याचे कुणी पाहिले नव्हते. महाराज उठले. घोंगडी कुत्र्याला देऊन गुडघाभर पाण्यात शिरले आणि सासरहून आलेल्या लेकीला हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "इकडून ये गं बाई. इकडे."

आणि काय सांगावे! काहील धारेतच थबकली, वळली आणि शहाण्या गाईसारखी सरळ येऊन दोराला अडली. राणूने आणि आणखी चौघांनी उड्या टाकल्या. दोराला धरून धरून त्यांनी ती काठाला आणली. बायजाक्काने आधी बाळ उचलले, बोळ्याने त्याच्या तोंडात दूध सोडले आणि आईच्या हातात भाकरी दिली.

"खा माझ्या राणी. कालपासनं उपाशी अससील."

"आक्का, अगं मी सगुणा. पाटलांची सगुणा!"

"अससील. आधी खा."

सगुणा खाऊ लागली. खाता खाता ती म्हणाली, "आक्का, वर कोण वाचत होतं गं? काहील सुटली तेव्हा हे रडून रडून काळंनिळं झालं होतं. मला तर डोळ्यांपुढं अंधारी आली. एवढ्यात कुणाचातरी आवाज आला. फाटका, रडका. 'बाळ भुकेलें नदीमधीं' म्हणत होता. मला वाटलं, आपलं कुणाला तरी ठाऊक आहे. मग हे गप झालं नि मी काहिलीची कड धरून बसले."

कोसभर वर! पुराच्या त्या घोंघाटात! सगळ्यांनी भिवाकडे पाहिले. भिवाने मागे वळून पाहिले, आपल्या मागे कुणी उभे आहे का म्हणून.

तेवढ्यात पाटील पोचले. डोके उघडे, एक पाय उघडा. लेक भाकरी खात बसलेली दिसली, बाळ दिसले, दोर दिसला. सकाळी ज्याला ते हसले होते तोच दोर. लेकीला आणि नातवाला चाचपून झाल्यावर ते महाराजांच्या पायांवर पडायला वाकले, तर महाराजांनी पाय मागे घेतले.

"नमस्कार नंतर, पाटील. एकजण अजून पाण्यात आहे."

पाटील गर्रकन नदीकडे वळले. "कोण? पोहणारे तर दोघंही निघाले! कोण राहिलं?"

"चंपावती."

सकाळी हेच ऐकून पाटील पोट धरून हसले असते. आता ते एका वहाणेनिशी घराकडे पळाले. पेटाऱ्याची किल्ली चटकन सापडेना, म्हणून म्हणे त्यांनी कुलूपच फोडले. पोथी स्वतःच्या उपरण्यात गुंडाळून, डोक्यावर घेऊन ते नदीवर परतले आणि भिवापुढे ती दोन्ही हातांनी धरली.

"गुरव, वाचा," ते म्हणाले. आजवर त्यांनी भिवाला कधी अहो-जाहो केले नव्हते.

काहील पालथी घातली, तिच्यावर भिवाला बसवले. गाव भोवती बसला. भिवाने पान काढले आणि कालपासून अडकलेला चौथा चरण वाचला :

माय काय देईल ॥

त्याला पुढे वाचवेना. तो डोळे पुसू लागला. इतक्यात शेजारून एवढ्या मोठ्याने हुंदका आला की कुत्रे दचकून उठले. पाटील ढसाढसा रडत होते, आणि रडता रडताच ओरडले, "गुरव, रडायचं मागनं! आधी तिला बाहेर काढा हो!"

भिवाने वाचले. पेटी भोवऱ्यात सापडली तेव्हा पाटलांनी सगुणाचा हात घट्ट धरला. पेटी खडकावर आपटली तेव्हा ते अर्धे उठले. शेवटी एका ऋषीने पेटी काठाला ओढली, बाळ रडले, चंपावतीने डोळे उघडले, आणि करंजडोह गावाने कालपासून धरून ठेवलेला श्वास सोडला. तेव्हा कुठे महाराजांनी सगुणाची उरलेली अर्धी भाकरी मागून घेतली आणि खाल्ली.

पाटील उठले. आधी त्यांनी पोथीवर डोके टेकले, मग भिवा गुरवापुढे वाकले, मग महाराजांच्या पायांवर पडले. यावेळी महाराजांनी पाय मागे घेतले नाहीत.

"महाराज, मी तिला बुडवत होतो," पाटील म्हणाले. "माझीला सगळ्यांनी मिळून काढलं."

महाराजांनी त्यांच्या उघड्या डोक्यावर हात ठेवला. "दोघी निघाल्या ना? झालं तर. उद्या मात्र वेळेवर या. आज नुसती नदी होती. उद्या तिची गाठ सवतींशी आहे."

दुसऱ्या दिवशी पोथीला सगळ्यांच्या आधी पाटील हजर होते. येताना खांद्यावर दोर घेऊन आले होते.