खोची किंमत

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राज्ये इतकी लहान असत, की एका राज्यातला कोंबडा आरवला की शेजारच्या राज्यातली माणसे उठत.

अशाच एका डोंगराळ राज्यात एक राणी होती. तिला दागिन्यांची हौस नव्हती, शिकारीची नव्हती. हौस होती ती खो-खोची. तिने नऊ चपळ मुलींचा संघ उभा केला आणि सगळ्यांना सारखा पगार लावून दिला. घाटातून जाणाऱ्या गाड्यांच्या जकातीतला एक वाटा त्यासाठी बाजूला ठेवलेला असे.

प्रधानाला हा खर्च खुपत असे. "राणीसाहेब, पळण्याचा पगार द्यायचा, तर आधी घोड्यांना द्यायला हवा."

"घोड्यांना चंदी मिळतेच की, प्रधानजी," राणी म्हणे.

पण एके दिवशी प्रधानाने भर दरबारात सांगितले, "यंदा चैत्रातल्या जत्रेत शेजारच्या राज्याशी होणारा सामना हरलो, तर तो वाटा घाटाच्या रस्त्याला. संघ बंद." दरबाराने माना डोलावल्या. 

त्यातच म्हाळसा राणीकडे आली. म्हाळसा संघातली सर्वांत वेगवान मुलगी. निम्मे गडी ती एकटीच बाद करी.

"राणीसाहेब, शेजारच्या राजाचा निरोप आलाय. तिप्पट पगार देतो म्हणतो. मला जायचं नाही हो. पण ती येसू नुसती रांगेत बसून असते, तिलाही माझ्याएवढाच पगार. हे बरोबर आहे का?"

तिप्पट द्यायला खजिन्यात नव्हते. राणीने पुष्कळ विचार केला आणि जाहीर केले, "आजपासून ठरलेला पगार बंद. जी गडी बाद करील, तिला एक होन."

दुसऱ्या दिवशी सराव सुरू झाला. समोरचे गडी म्हणून गावातल्या मुली पळायला आल्या. खो-खोत पाठलाग करणारीला रांग ओलांडता येत नाही. गडी रांगेतून पलीकडे निसटला, की पलीकडे तोंड करून बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणायचे. मग ती उठून पळते आणि आपण तिच्या जागी बसायचे. पण आता खो देणार कोण? म्हाळसा धापा टाकत खांबाला वळसे घालू लागली.

"अगं, ती बघ, इकडे उभी आहे! दे की खो!" येसू ओरडली.

"वा! म्हणजे माझा होन तुला?"

पलीकडे निसटलेली ती मुलगी तोवर निवांत आपली वेणी घालत होती.

राणीने कपाळावर हात मारला. "बरं, खो देणारीलाही एक होन."

मग तर कहरच झाला. दोन पावले कोणी पळेना. "खो! खो! खो! खो!" मैदानाला जणू खोकला झाला.

"राणीसाहेब," प्रधान हळूच म्हणाला, "वैद्यांना बोलावू का?"

राणी हसली, पण मनातून घाबरली होती. जत्रा जवळ आली होती. होन देऊन जे मागितले, तेच मिळाले होते. खेळ मात्र हरवला होता. तिने कासोटा खोचला आणि स्वतः येसूशेजारी रांगेत एकीच्या जागी जाऊन बसली.

थोड्याच वेळात तिच्या पायांना मुंग्या आल्या. तेवढ्यात पाठीवर थाप पडली. राणी उठेपर्यंत गडी पार खांबामागे गेला होता.

"राणीसाहेब," येसू संकोचत म्हणाली, "बसायचं म्हणजे टेकायचं नसतं. चवड्यांवर तयार राहायचं असतं."

राणीने सगळ्या जणींना जवळ बोलावले आणि जकातीची थैली मध्ये ठेवली. "एवढंच आहे. कोणाला किती, ते तुम्हीच ठरवा."

मुलींची कुजबुज सुरू झाली. शेवटी येसूच बोलली, "म्हाळसाला दीडपट द्या. आमच्यापेक्षा ती जास्त दमते, खोटं कशाला बोलायचं? बाकी सगळ्यांना सारखं. आणि होनबिन काही नको."

म्हाळसाने थैलीकडे पाहिले. तिप्पट कुठे आणि दीडपट कुठे! मग ती म्हणाली, "तिकडे तिप्पट मिळेल. पण तिकडच्या रांगेत कोण कसं बसतं, कुणास ठाऊक. मी इथेच राहते."

जत्रेच्या दिवशी सामना अगदी अटीतटीचा झाला. समोरचा एकच गडी उरला होता. तो बाद झाला तर विजय, सुटला तर संघ बंद. म्हाळसा त्याच्या मागे होती. एक वीत अंतर राहिले आणि गडी रांगेतून पलीकडे निसटला. खांब जवळच होता. वळसा घालण्याचा मोह म्हाळसाला क्षणभर झाला. मग तिने येसूच्या पाठीवर थाप मारली.

"खो!"

येसू उठली कधी आणि तिने गड्याला हात लावला कधी, ते कोणालाच दिसले नाही. दिसले ते एवढेच, की प्रधानजी पागोटे हवेत उडवून नाचत आहेत.

संघ टिकला. पुढच्या महिन्यात शेजारच्या राजाचा माणूस पुन्हा आला. या वेळी तो येसूला न्यायला आला होता.

येसू म्हणाली, "एकटीला नेऊन काय करणार? नेणार असाल, तर अख्खी रांग न्या."

तो माणूस हात हलवत परत गेला.

तात्पर्य : मोबदला असा द्यावा, की सोबत्याला खो देताना कोणाचाही हात अडखळू नये.