चार गाठींचा गडी

फार फार जुनी गोष्ट आहे. तुमच्या पणजोबांचे पणजोबाही तेव्हा रांगायला लागले नव्हते. एका नदीच्या काठी सात गावं होती आणि सातही गावांना हुतूतूचं भारी वेड होतं.

सुगी आटोपली की डोंगरवाड्यांवरचे तरणे गडी नदीच्या वाळवंटात जमायचे. एकेक गाव आपल्या संघासाठी त्यांतला एकेक गडी निवडायचं. आदल्या वर्षीच्या सामन्यांत जे गाव शेवटी राहिलं असेल, त्याला पहिली निवड मिळायची. पहिल्या निवडीच्या गड्याला गाव राहायला घर द्यायचं, कसायला जमिनीचा तुकडा द्यायचं. मात्र वर्षअखेरीस गावचे पंच बसायचे आणि निवड सार्थकी लागली की वाया गेली, ते ठरवायचे. वाया गेली म्हटलं, की गड्यानं घर सोडून पुन्हा डोंगराची वाट धरायची.

त्या वर्षी वळणावरचं गाव शेवटी होतं. तिथले जुने खेळाडू भिवातात्या निवड करायला गेले. वाळवंटात एक चपळ गडी हरणासारख्या उड्या मारून दाखवत होता आणि सगळे माना उंच करून त्याच्याकडे बघत होते. तात्या मात्र नदीकडे बघत होते. तिथं म्हाताऱ्याकोताऱ्यांनी भरलेली एक नाव काठाला लागली होती. धार तिला ओढत होती आणि एक रुंद खांद्यांचा तरुण तिचा दोर धरून गुडघाभर पाण्यात उभा होता. शेवटची म्हातारी उतरेपर्यंत त्यानं दोर सोडला नाही. खेळून दाखवायची त्याची पाळी तेवढ्यात निघून गेली.

"ह्यो आमचा," तात्या म्हणाले.

लोक खो खो हसले. चपळ गडी शेजारच्या गावानं उचलला.

रुंद खांद्यांच्या तरुणाचं नाव केरबा. तो आणि त्याची बायको येसू गावात राहायला आले. जन्मात पहिल्यांदाच त्यांना न गळणारं छप्पर मिळालं होतं. येसूनं दारात घेवड्याचा वेल लावला आणि रोज सकाळी ती त्याच्याशी दोन शब्द बोलू लागली.

आता त्या गावांची आणखी एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिथंच झाला. समोरचा गडी ज्याच्या हातून बाद होईल, त्याच्या कमरेच्या उपरण्याला पाटील स्वतः एक गाठ मारायचे. एका पकडीत चौघांनी हात घातला, तरी गाठ मिळायची ती पहिला हात घालणाऱ्यालाच. वर्षाच्या शेवटी गाठी मोजल्या, की कोण किती पाण्यात आहे ते दिसतं, अशी सगळ्यांची समजूत होती.

केरबाच्या उपरण्याला वर्षभरात चार गाठी पडल्या. शेजारच्या चपळ गड्याला एकतीस! आपल्याच गावच्या मल्हारीला सत्तावीस. मल्हारी कोपरा सांभाळायचा आणि केरबा त्याचा हात धरून शेजारी उभा राहायचा. गाव शेवटच्या जागेवरून थेट शेवटच्या सामन्यापर्यंत येऊन पोचलं, पण त्याचं सारं कौतुक मल्हारीच्या वाट्याला आलं. केरबा दिसला की न्हाव्याच्या ओट्यावर बोटं मोजली जायची. "एक, दोन, तीन, चार... संपलं की रं मोजून!"

सामन्याच्या आदल्या दिवशी पंच बसले. भिवातात्या हात जोडून म्हणाले, "पाटील, एका वर्षात मानूस कळत न्हाई. अजून दोन वर्सं द्या त्याला."

"तात्या, गाठी खोटं बोलतात व्हय?" पाटलांनी विचारलं. मग ते केरबाकडे वळले. "तुला काय सांगायचंय का?"

केरबा खाली बघत म्हणाला, "चारच हायती, पाटील. जास्त कशा सांगू?"

निकाल झाला. निवड वाया गेली. केरबानं उद्याचा सामना बाहेर बसून बघायचा आणि परवा घर सोडायचं. येसूनं वेलावरच्या वाळलेल्या शेंगा फोडल्या आणि बिया पदराच्या टोकात बांधून घेतल्या. मला विचाराल तर, त्या गावातलं त्या दिवशीचं सगळ्यात शहाणं काम तेच होतं.

दुसऱ्या दिवशी समोर उभं होतं शेजारचं गाव. चपळ गडी दम धरून आत आला आणि कोपऱ्याकडं वळला. मल्हारीनं पाय उचलला, पण झेप घेतली नाही. गडी तिघांना शिवून परत गेला. पुन्हा आला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर मल्हारी दोन पावलं मागं सरला. वळणावरचं गाव असं हरलं, की बघणाऱ्यांनाच लाज वाटली.

"मल्हारी, पायाला काय झालं तुझ्या?" पाटील ओरडले.

मल्हारी आपल्या रिकाम्या उजव्या हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पाटील, गेल्या साली माझ्या गाठी किती हुत्या?"

"पाच असतील."

"आन् यंदा सत्तावीस. म्या काय एका वर्सात वाघ झालो? दोन सालांमागं झेप घेताना गुडघा निखळला, तवापासनं मनात भ्या बसलंय. ह्यो केरबा माझा हात धरायचा. पडलो तरी ह्यो सोडनार न्हाई, हे ठावं हुतं, म्हनून उडी मारायचो."

"मग काल गप का बसलास?"

"गाठी माझ्या कमरंला शोभत हुत्या," मल्हारी म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

त्यानं आपलं उपरणं सोडलं. बाहेर बसलेल्या केरबाजवळ जाऊन त्याच्या उपरण्याचं टोक हातात घेतलं आणि दोन्ही टोकांची एक घट्ट गाठ मारली. "पाटील, आता मोजा. ह्या समद्या मिळून कुनाच्या?"

पाटलांनी मोजायला हात पुढं केला आणि मग तसाच मागं घेतला. ते भिवातात्यांजवळ गेले आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या पाया पडले. त्या वर्षीची विजयाची ढाल शेजारच्या गावात गेली ती गेलीच. पण केरबाचं घर राहिलं, आणि संध्याकाळी येसूनं पदराची गाठ सोडून त्या बिया पुन्हा दारातच पेरल्या.

तेव्हापासून त्या सात गावांत निवडलेल्या गड्याचा निकाल लावण्याआधी पंच त्याच्या शेजारी उभं राहणाऱ्याला बोलावून विचारू लागले.

मुलांनो आणि मोठ्यांनो, माणसाचं मोल त्याच्या एकट्याच्या गाठी मोजून कळत नाही. त्याच्या आधारानं शेजारचा किती निर्भय झाला, त्यावरून ते कळतं.