हैबती आणि नवं मॉडेल

बोरटेक नावाच्या गावात हैबती नावाचा एक भोळा गिरणीवाला होता. दळण बारीक दळायचा, पण सांगितलेलं अख्खंच गिळायचा. त्याच्याकडं शर्यतीत पळवतात तसली एक लाल मोटरसायकल होती. चार वर्षांची. बटण दाबलं की सुरू व्हायची, नेईल तिथं जायची. तक्रारीला जागाच नव्हती. आणि अशात तिचं नवं मॉडेल बाजारात आलं.

जुनीला पुढं एक दिवा होता, नवीला दोन. जुनीची मागची सीट उंच होती. नवीची इतकी उंच, की बायको बसली असती तर नवऱ्याच्या डोक्यावरून गाव बघत गेली असती.

घ्यावी की न घ्यावी? हैबती दोन महिने हेच दळण दळत बसला. शेवटी त्याची बायको शालन वैतागून म्हणाली, "अहो, कळत नसेल तर चार लोकांना विचारा."

हैबती पारावर गेला आणि त्यानं मोजून चार लोकांना विचारलं. पहिला म्हणाला, घे. दुसरा म्हणाला, घे, कारण पहिला म्हणाला होता. तिसरा बहिरा होता, त्यानं हसून मान हलवली. चौथा परगावचा, एसटीत चढता चढता 'घ्या की' म्हणून गेला. तेवढ्यात दामले गुरुजी आले. त्यांनी हेच नवं मॉडेल घेतलं होतं आणि पाठ धरली म्हणून महिन्याभरात विकलंही होतं. गुरुजी सांगायला लागले तसे हैबतीनं हात जोडले.

"गुरुजी, तुम्ही पाचवे."

शालननं कपाळाला हात लावला. माणसं मोजायची नसतात, त्यातला जाणकार बघायचा आणि तो म्हणेल तसं करायचं, असं तिनं समजावून सांगितलं.

हैबतीला ते पटलं. गाड्यांतला जाणकार कोण? गाड्या विकणारा. तो तालुक्याच्या शोरूममध्ये गेला. तिथल्या विक्रेत्यानं चक्कर मारायला नवी गाडी बाहेर काढून दिली आणि म्हणाला, "विचार कसला करताय साहेब? डोळे झाकून घ्या."

हैबतीनं डोळे झाकले आणि गाडी घेतली. ती रस्ता ओलांडून पलीकडच्या रसवंतीत घुसली. उसाच्या मोळ्या होत्या म्हणून गाडी वाचली, आणि हैबतीही वाचला. विक्रेत्यानं त्याला चिपाडातून ओढून काढलं आणि बजावलं, की समोरून कुणी येत असलं की आपण थांबायचं, बाजूला व्हायचं, त्याला आधी जाऊ द्यायचं.

हैबती घरी पोचला तर फाटकातून एक अनोळखी माणूस बाहेर येत होता. खांद्यावर हैबतीच्याच घरातला गॅसचा सिलिंडर होता. हैबती थांबला. बाजूला झाला. सिलिंडर जड दिसला म्हणून त्यानं फाटकही धरून ठेवलं.

शालन त्या दिवशी चुलीवर भाकऱ्या भाजत बराच वेळ बोलली. बोलण्याचं सार एवढंच, की परका माणूस आपली वस्तू घेऊन निघाला की त्याला धरायचं, आडवा करायचा, आणि मग नाव विचारायचं.

दोनच दिवसांनी शोरूमनं आपला माणूस पाठवला. नवीच्या बदल्यात घ्यायची जुनी गाडी बघून यायला. त्यानं शालनला विचारून किल्ली घेतली आणि इंजिनाचा आवाज ऐकायला एक चक्कर मारायला निघाला. हैबती गिरणीतून येत होता. त्यानं धावत जाऊन त्याला धरला, गटारात आडवा केला, आणि मग अदबीनं नाव विचारलं. त्या माणसानं गटारातूनच शोरूमचं कार्ड वर केलं.

हैबती माफी मागायला शोरूममध्ये गेला. मालक मोठा सभ्य माणूस होता. तो म्हणाला, दोन महिने तुमचं काही ठरत नव्हतं, आता आम्ही ठरवलंय, तुम्हाला गाडी द्यायची नाही. पण जाता जाता त्यानं चार शब्द शिकवले. आमच्याकडं कुणी बघायला आलं की आम्ही मारत नाही. बसवतो, चहा देतो, मालातलं काही लपवत नाही. आणि शेवटी हात जोडून आमचा नियम सांगतो, की नवी न्यायची तर जुनी इथं सोडून जा.

हैबतीनं ते पाठच केलं.

शालनची धाकटी बहीण वंदना त्यांच्याकडं राहून नर्सिंग शिकत होती. त्या रविवारी तिला बघायला पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि वडील. स्थळ चांगलं होतं, शालननं वर्षभर खटपट करून आणलं होतं. ती आत पोहे करत होती. बाहेर हैबती एकटा होता, पण या वेळी त्याला काळजी नव्हती. बघायला आलेल्यांशी कसं वागायचं ते त्याला आता ठाऊक होतं. त्यानं सगळ्यांना बसवलं. चहा दिला.

मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, मुलगी कशी आहे?

"लपवणार नाही," हैबती म्हणाला. "सकाळी सुरू व्हायला वेळ घेते. थंडीत जास्तच. आवाज मोठा आहे, पण सवय होते. एकदा विहिरीच्या कठड्यावर आपटलीय. बाहेरून दिसत नाही."

मुलगा आढ्याकडं बघायला लागला. त्याच्या आईची बशी ओठाशीच राहिली. आतून शालन झारा घेऊन धावत आली, पण तिला उंबऱ्याशी पोचायला उशीर झाला. हैबतीनं एकदा मुलाच्या आईकडं नीट बघून घेतलं आणि वडिलांपुढं हात जोडले.

"बाकी आमचा नियम एकच. नवी न्यायची तर जुनी इथं सोडून जावी लागते."

सोयरीक तिथंच मोडली. हैबतीच्या बोलण्यानं मोडली नाही, भोळा आहे म्हणून मुलाच्या आईनं ते सोडूनही दिलं असतं. पण मुलाचे वडील विचारात पडले होते.