बुचकूची तंगडी

हौसाआत्याच्या अंगणात प्राणी होते. पण गवत खाणारे नव्हते. पत्र्याचे होते.

आत्याच ते बनवायची. मोडकं काही दिसलं की उचलायची. घरी आणायची. ठोक ठोक, पीळ पीळ, झाला प्राणी. तो चालायचा, बोलायचा, भांडायचासुद्धा. त्यांच्या जातीला तिने नाव दिलं, खटपटे.

आत्याची रीत ठरलेली. आधी काम ठरवायचं, मग प्राणी बनवायचा. ओझं उचलायला हत्ती. तेल घालायला बगळा. स्क्रू आवळायला खेकडा. चावी द्यायला माकड. उजेड पाडायला मांजर.

सगळ्यात शेवटी बनला बुचकू. सोड्याच्या बाटलीचं एक पत्र्याचं बूच. बुचाला दोन डोळे. खाली स्प्रिंगच्या दोन तंगड्या. बस, एवढाच.

आणि त्याचं काम? ते आत्याने सांगितलंच नाही. विसरली असेल. ती चहात मीठ घालते आणि दुधाला नावं ठेवते.

बुचकू बनवताना एक नट कमी पडला. आत्याने चटईखाली शोधला. अंबाड्यात शोधला. चहाच्या कपात शोधला. नट काही सापडेना. "जाऊ दे," आत्या म्हणाली, आणि एक तंगडी दोऱ्याने बांधली. दोऱ्याने, बरं का. लोखंडाला दोरा.

बुचकू अंगणभर नाचू लागला. टिंग टिंग, टिंग टिंग.

दोरा म्हणाला, तुट्.

तंगडी सुटली. उडाली. घरंगळली. गेली धुण्याच्या दगडाखाली.

आता बुचकू कसा चालणार? टिंग धप. टिंग धप.

"तंगडी नाही तर उडी नाही," बुचकू म्हणाला. "उडी नाही तर मी नुसतं बूच."

टिंग धप, टिंग धप, बुचकू गेला हत्तीकडे. हत्ती होता पिंपाचा. सोंड हातपंपाची. पाय तीन आणि एक वीट.

"हत्तीदादा, हत्तीदादा, दगड उचल."

"का रे बुचकू?"

"माझी तंगडी मिळेना."

"मी नाही जा," हत्ती म्हणाला. "सोंड गंजलीय. हलवली की कर्रर्र करते. आधी बगळ्याला सांग, तेल घाल. आणि तुझं काम काय रे?"

"ठाऊक नाही," बुचकू म्हणाला.

टिंग धप, टिंग धप, बुचकू गेला बगळ्याकडे. बगळा होता शिलाई मशीनच्या तेलाच्या कुपीचा. चोच लांबच लांब. पण मान लुळी. तेल पडायचं स्वतःच्याच पायावर, टप टप.

"बगळेबुवा, बगळेबुवा, तेल घाला."

"का रे बुचकू?"

"हत्ती दगड उचलेना,
माझी तंगडी मिळेना."

"मी नाही जा," बगळा म्हणाला. "मानेचा स्क्रू ढिला झालाय. आधी खेकड्याला सांग, स्क्रू आवळ. आणि तुझं काम काय रे?"

"ठाऊक नाही," बुचकू म्हणाला.

टिंग धप, टिंग धप, बुचकू गेला खेकड्याकडे. खेकडा होता पकडीचा. राहायचा आत्याच्या कामाच्या टेबलाखाली, अंधारात. त्याची चावी आत्याने बसवली होती पाठीवर. आता स्वतःच्या पाठीला हात पोचतो का? तुम्ही खाजवून बघा.

"खेकडेमामा, खेकडेमामा, स्क्रू आवळा."

"का... रे... बुच... कू...?"

"बगळा तेल घालेना,
हत्ती दगड उचलेना,
माझी तंगडी मिळेना."

"मी... ना... ही... जा..." खेकडा म्हणाला. "चा... वी... सं... पली... आधी... मा... कडाला... सांग... चावी... दे... आणि... तुझं... काम..."

बुचकूला कुठे एवढा वेळ? "ठाऊक नाही," तो म्हणाला आणि निघाला.

टिंग धप, टिंग धप, बुचकू गेला माकडाकडे. माकड होतं चमच्यांचं. हात चमचे, पाय चमचे, कान चहाचे चमचे. चाललं की खणखण.

"माकडभाऊ, माकडभाऊ, चावी दे."

"का रे बुचकू?"

"खेकडा स्क्रू आवळेना,
बगळा तेल घालेना,
हत्ती दगड उचलेना,
माझी तंगडी मिळेना."

"मी नाही जा," माकड म्हणालं. मग बुचकूच्या जवळ आलं. हळूच म्हणालं, "टेबलाखाली अंधार आहे. मला भीती वाटते. कुणाला सांगू नकोस हं. आधी मांजरीला सांग, उजेड पाड. आणि तुझं काम काय रे?"

"ठाऊक नाही," बुचकू म्हणाला.

टिंग धप, टिंग धप, बुचकू गेला मांजरीकडे. मांजर होती बिस्किटांच्या डब्याची. डोळे सायकलच्या दिव्यांचे. तोंड म्हणजे नुसती चीर, एवढीशी. डोळे मिटून पडली होती.

"मनीमावशी, मनीमावशी, उजेड पाड."

"का रे बुचकू?"

"माकड चावी देईना,
खेकडा स्क्रू आवळेना,
बगळा तेल घालेना,
हत्ती दगड उचलेना,
माझी तंगडी मिळेना."

"माकड अंधाराला घाबरलं ना?" मांजर म्हणाली.

"मी नाही सांगितलं."

"सगळ्यांना माहीत आहे रे. पण मी नाही जा. जरा हलले की पोटात खुळ खुळ होतं. काय आहे कुणास ठाऊक. आधी ते बाहेर काढ. आणि तुझं काम काय रे?"

"ठाऊक नाही," बुचकू म्हणाला, आणि मटकन बसला.

आता जायचं कुणाकडे? अंगणात कुणी उरलंच नाही. मग बुचकूने तुमच्याकडे पाहिलं. हो, तुमच्याकडेच. आणि म्हणाला,

"मांजर उजेड पाडेना,
माकड चावी देईना,
खेकडा स्क्रू आवळेना,
बगळा तेल घालेना,
हत्ती दगड उचलेना,
माझी तंगडी मिळेना."

सांगा बघू. मांजरीच्या एवढ्याशा तोंडातून आत कोण जाईल? हत्तीची सोंड? छे. माकडाचा चमचा? छे. गोष्ट वाचणाऱ्याचं नाक? ते तर मुळीच नाही, केवढं आहे ते बघा.

बुचकूने मांजरीच्या तोंडाकडे पाहिलं. मग स्वतःकडे पाहिलं.

"मनीमावशी," तो म्हणाला, "आ कर."

"चावशील."

"तू मांजर आहेस की मी?"

मांजरीने आ केला. बुचकू आडवा झाला. बूच कसं, चपटं. सर्रकन आत.

आत अंधार. टिंग धप, ठण्ण. टिंग धप, ठण्ण.

"गुदगुल्या होतात रे," मांजर म्हणाली.

बुचाला कडेने दात असतात ना? बुचकूने दातांत काहीतरी पकडलं. गोल होतं. मधे भोक होतं. ओढत ओढत तो बाहेर आला.

मांजर हलली. खुळ खुळ नाही. पुन्हा हलली. नाहीच.

मग काय झालं?

मांजरीने डोळे उघडले, लख्ख. टेबलाखाली उजेड पडला.
माकड खणखण धावलं. चावी दिली, करकर करकर.
खेकडा भराभरा बोलू लागला, "कुठे आहे स्क्रू कुठे आहे स्क्रू कुठे आहे?" त्याने स्क्रू आवळला, किर्र किर्र.
बगळ्याची मान ताठ झाली. त्याने तेल घातलं, टप टप.
हत्तीची सोंड वळली. कर्रर्र नाही, सुळ्ळकन. त्याने दगड उचलला, हुईश्श.

दगडाखाली काय होतं? बुचकूची तंगडी.

खेकडेमामांनी तंगडी धरली. "पण बसवू कशी? नट कुठे आहे नट कुठे आहे?"

बुचकूच्या दातांत काय होतं, आठवतंय? गोल. मधे भोक.

"हा घ्या," बुचकू म्हणाला.

नट बसला. घट्ट बसला. दोऱ्याचं काम संपलं.

तेवढ्यात हौसाआत्या बाहेर आली. "अगंबाई, माझा नट. कुठे होता?"

"माझ्या पोटात," मांजर म्हणाली.

"तुझ्या पोटात कुणी टाकला?"

मांजरीला डबा कुणी लावला? झाकण कुणी ठोकलं? सगळे खटपटे आत्याकडे बघू लागले. आत्या आभाळाकडे बघू लागली.

"आत्या," बुचकू म्हणाला, "माझं काम काय?"

आत्याने डोकं खाजवलं. "खरं सांगू? एक बूच उरलं होतं. म्हणून तू झालास. काम ठरवायचं राहिलंच."

बुचकूने तंगडीने एक खडा उडवला.

मग हत्तीने घसा खाकरला. "बुचकू, माझ्या सोंडेत काहीतरी अडकलंय बघ. तूच आत जाऊ शकतोस."

"आधी माझ्या कुपीत," बगळा म्हणाला. "तळाला कचरा आहे."

"मामा पहिले मामा पहिले," खेकडा म्हणाला.

माकड जवळ आलं. हळूच म्हणालं, "माझ्या कानात बघशील? पण कुणाला सांगू नकोस."

"एकेक जण," बुचकू म्हणाला. "रांग लावा. ढकलायचं नाही. आत्या, तू पण रांगेत."

आणि उडी मारली. धप नाही, बरं का. नुसतं टिंग टिंग, टिंग टिंग.

बुचकूचा नट बसला, आमचा घसा बसला. आता कुणाचं पोट खुळ खुळ वाजतंय? त्याने आ करावा. बुचकू निघालाय.