सासूवरची लाट

“…आणि वारा आडवा असला तर?” यतीनने विचारलं.

“तर जायचं नाही,” मेस्त्री म्हणाले.

“ओहोटी फार असली, खडक वर आला असला तर?”

“तर जायचं नाही.”

“आणि लाटाच लहान असल्या?”

“मग कशाला जायचं?”

यतीनचं समाधान झालं. त्याने सर्फिंगच्या फळ्या पुन्हा पिशव्यांत घातल्या, चेन ओढली आणि मेस्त्रींच्या शेडमध्ये जाऊन पॉलिशपेपर हातात घेतला. असं रोज सकाळी चाललं होतं. प्रश्न यतीनचे, होकार मेस्त्रींचा. पाण्यात मात्र शिष्य उतरत नव्हता.

पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे गाव. कडे सरळ समुद्रात उतरलेले, वाळू म्हणाल तर नावाला. गावाखाली एक लांबच लांब खडक पाण्यात बुडालेला आहे. खोल समुद्रातून आलेली लाट त्याला अडखळते, भिंतीएवढी उभी राहते आणि फुटते. त्या खडकाला गावात ‘सासू’ म्हणतात. तिच्यापुढे कुणाची मिजास चालत नाही, एवढंच कारण पुरुष मंडळी देतात. गावातल्या सुनांची साक्ष अजून कुणी काढलेली नाही.

मेस्त्री म्हणजे बेंतो. सत्तरी उलटलेला, अंगाने काटक, बोलायला काटकसरी. सर्फिंगच्या फळ्या घडवायच्या आणि मोडलेल्या सांधायच्या, हा धंदा. हाताखाली माणसं शिकवून तयार करणाऱ्या कारागिराला तिकडे ‘मेश्त्र’ म्हणतात. यतीन कुबल पडला वेंगुर्ल्याकडचा. त्याच्या कानाला त्यात आपला मेस्त्री सापडला आणि त्याने तोच धरला. म्हाताऱ्याला ही हाक आवडली असावी, कारण त्याने ती कधी सुधारली नाही.

दोघांचंही इंग्रजी लंगडं. त्यामुळे बोलणं बेताचं होई. एका परीने ते बरंच होतं.

यतीन काही नवशिका नव्हता. गावाकडे किनाऱ्यावर त्याचा सर्फिंगचा वर्ग होता. भिंतीवर ढाली होत्या, फोटो होते. पुण्या-मुंबईची माणसं त्याच्याकडे शिकायला येत आणि त्याला ‘सर’ म्हणत. तोही ते म्हणू देई.

पण गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी गावाकडच्याच खडकावर तो पडला. लाटेने त्याला खाली दाबून धरलं. फळीची दोरी खडकाच्या कपारीत अडकली होती आणि दोरीचं दुसरं टोक त्याच्या पायाला होतं. सुटला तेव्हा त्याच्या छातीत हवा उरली नव्हती.

तेव्हापासून यतीन सर गुडघाभर पाण्यात उभे राहून शिकवत. शिट्टी वाजवत, हातवारे करत, ओरडत. “सर, तुम्ही नाही येत?” कुणी विचारलंच, तर खांद्यात चमक भरली आहे म्हणून सांगत. बायकोलाही त्याने हेच सांगितलं होतं. वर्षभर टिकणारी चमक तिने कधी पाहिली नव्हती, पण ती गप्प राहिली.

मग वर्गात एक परदेशी पाहुणा आला. त्याने या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. म्हणाला, त्याला भीतीच नाही.

यतीन त्या रात्री झोपला नाही. भीती नसलेला माणूस जगात आहे, म्हणजे तशी काही युक्ती आहे. ती युक्ती मिळाली तर वर्ग चालू ठेवायचा. नाही तर घरी परतल्यावर फळ्या विकून वडलांबरोबर मासेमारीच्या होडीवर जायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. लोकांना खोटं शिकवायचं आता त्याच्या जिवावर येत होतं.

मेस्त्रींना मात्र त्याने सांगितलं, “थोडं तंत्र सुधारायचं आहे.”

मेस्त्री म्हणाले, “बरं.”

पहिल्याच दिवशी त्यांनी पिशव्या उघडून पाहिल्या होत्या.

“तीन?”

“ही लहान लाटांसाठी,” यतीन अभिमानाने म्हणाला. “ही मधल्या. ही मोठ्या.”

“आणि मन नसेल त्या दिवसासाठी?”

यतीन हसला. मेस्त्री हसले नव्हते…

तर असे दिवस जात होते. सकाळी कड्याच्या टोकावर जाऊन समुद्र पाहायचा, यतीनने खोड काढायची, मेस्त्रींनी मान डोलवायची. मग तो शेडमध्ये फळ्या घासत बसे आणि मेस्त्री एकटेच कड्यावरून उतरून पाण्यात जात. वरून यतीन पाहत राही. म्हातारा पाण्यात लाटेची वाट पाहणाऱ्यांच्या रांगेत बसे. पाळी आली की उठे, लाटेच्या पोटातून आडवा सरकत खोल पाण्यात निघून जाई. चेहरा असा, की भाजी आणायला निघाला आहे.

“मेस्त्री, एक विचारू?” एकदा जेवताना यतीन म्हणाला. समोर कोबीच्या पानांचं सूप होतं आणि दुल्सबाईंच्या बेकरीतला पाव.

“विचार.”

“पाण्यात असताना तुमचं मन इतकं शांत कसं?”

मेस्त्रींनी पाव मोडला. सुपात बुडवला. खाल्ला.

“आज वारा कसा होता?” त्यांनी विचारलं.

“आडवा.”

“हं…”

झालं. यतीनला राग आला. इतक्या लांब येऊन आपण म्हाताऱ्याच्या फळ्या फुकट घासतो आहोत, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. खरं तर मेस्त्री राहण्याजेवणाचं काही घेत नव्हते, पण रागात असा हिशेब कोण करतो?

आणि मग परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी घात झाला. दिवस चांगला निघाला.

नुसता चांगला नव्हे. वारा जमिनीकडून समुद्राकडे, आपल्याकडे ज्याला मतलई म्हणतात तो, अगदी अलगद. भरती अर्ध्यावर. कुठे तरी दूर वादळ होऊन गेलेलं, त्याच्या लाटा एकामागोमाग एक शिस्तीत येत होत्या. पाणी इतकं स्वच्छ, की वरून खडक दिसत होता.

यतीन कड्यावर बराच वेळ उभा राहिला. त्याने वारा पाहिला, पाणी पाहिलं, आभाळ पाहिलं. खोड काढण्यासारखं त्याला काहीच सापडेना.

“काय म्हणतोस?” मेस्त्रींनी विचारलं.

“…छान आहे.”

“मग चल.”

सासूवर ओरडाओरड चालत नाही. रांग असते. ज्याची पाळी, त्याची लाट. पण आपली पाळी दुसऱ्याला देता येते. देणाऱ्याने बोलायचं नसतं. आपल्या फळीचं नाक बाहेर, समुद्राकडे वळवायचं. म्हणजे ही लाट मी घेत नाही, शेजारच्याने घ्यावी. पाहुण्याला पहिली लाट अशी देणं हा तिथला मान. दिलेली लाट घ्यायची असते. ती कुणी सोडली, तर त्याला कुणी बोलत नाही. त्याने आपण होऊन रांग सोडायची आणि बाजूच्या खोल पाण्यात, जिथे लाट फुटत नाही, तिथे जाऊन बसायचं. त्या दिवसापुरता तो बाहेर.

रांगेत चारपाच जण होते. दुल्सबाईही होत्या. पहाटेचा पाव भट्टीतून काढून, केसांत पीठ तसंच ठेवून आलेल्या. त्यांनी यतीनकडे पाहून हात हलवला.

मेस्त्रींची पाळी आली. लाट दिसली. मेस्त्रींनी फळीचं नाक वळवलं.

यतीन निघाला. हात मारले. एकदा, दोनदा. लाटेने त्याला मागून उचललं. समोर उतार दिसला, उताराच्या तळाशी काळा खडक दिसला, आणि त्याच्या पायाला बांधलेली दोरी अचानक जड झाली.

तो मागे ओढला गेला नाही. त्याने स्वतःला मागे ओढलं.

लाट त्याच्याशिवाय फुटली.

रांगेतली सगळी माणसं क्षितिजाकडे पाहू लागली. दुल्सबाईंनी केसांत चिकटलेलं पीठ काढायला घेतलं. सगळ्यांचं ते न पाहणं यतीनला शिवीपेक्षा लागलं. कुणी हसलं असतं तर त्याला भांडता तरी आलं असतं.

तो खोल पाण्यात जाऊन बसला. फळीवर, पाय पाण्यात सोडून. संपलं, असं त्याला वाटलं. ढाली, वर्ग, सर… सगळंच. डोळ्यांत पाणी आलं. खाऱ्या पाण्यात बसलेल्या माणसाला ते लपवावं लागत नाही, तेवढीच सोय.

मेस्त्री रांगेतून त्याच्याकडे आले. सावकाश. शेजारी फळी लावून तेही बसले.

समुद्र थोडा वेळ सपाट झाला. दोघं नुसते खालीवर होत राहिले.

यतीनने सबब सांगायला तोंड उघडलं. वारा चांगला होता. भरती बरोबर होती. फळीही योग्यच होती…

“मेस्त्री, मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “तंत्रबिंत्र काही नाही. मला भीती वाटते. वर्ष झालं. मी लोकांना शिकवतो आणि स्वतः पाण्यात जात नाही.”

“हं.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“तीन फळ्या,” मेस्त्री म्हणाले.

यतीनला हसू आलं.

“एवढंच विचारायला आलो होतो मी,” तो म्हणाला. “तुमची भीती कशी गेली? कधी गेली? मी काय करू, म्हणजे माझी जाईल?”

मेस्त्रींनी यतीनचा उजवा हात धरला. रबरी सूटची गळपट्टी दुसऱ्या हाताने खाली ओढली आणि यतीनची बोटं आपल्या हनुवटीखाली, गळ्याच्या शिरेवर नेऊन ठेवली.

यतीन दचकला.

शीर उडत होती. धाडधाड उडत होती. सापळ्यात सापडलेल्या उंदरासारखी, पार बेभान. यतीनने मेस्त्रींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा नेहमीचाच, भाजी आणायला निघालेला.

“पोहून दम लागला तुम्हाला,” यतीन म्हणाला.

“इथे बसून किती वेळ झाला?”

बराच झाला होता. यतीनला ते ठाऊक होतं.

“मग… वयामुळे असेल.”

“विशीतही असंच होतं.”

“रोज?”

“रोज. कड्याच्या पायऱ्या उतरताना सुरू होतं.”

यतीनची बोटं तिथेच राहिली. त्याला ती काढवेनात. इतक्या लांबून ज्या शांतपणासाठी तो आला होता, तो त्याच्या बोटांखाली असा धडपडत होता. त्याला फसवल्यासारखं वाटलं. आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याला एकटं वाटलं नाही.

“पण सगळे म्हणतात, तुम्हाला भीती…”

“सगळ्यांनी इथे बोट ठेवलेलं नाही.”

तेवढ्यात दुल्सबाईंनी शीळ घातली. बाहेर समुद्र काळा झाला होता. एक रेघ, तिच्यामागे दुसरी, जाडजूड. अशा मोठ्या लाटा सासूच्या टोकापर्यंत पसरून येतात, थेट खोल पाण्याच्या काठाला. म्हणजे हे दोघं बसले होते, तिथे. रांगेतले लोक सरकून बाजूला झाले. मधल्या वेळात बाकीच्यांच्या लाटा घेऊन झाल्या होत्या, आता पाळी पुन्हा मेस्त्रींची होती.

“मेस्त्री, तुमची लाट,” यतीन म्हणाला.

मेस्त्रींनी पायांनी पाणी ढवळलं. त्यांच्या फळीचं नाक हळूहळू समुद्राकडे वळलं.

“नको, मेस्त्री… मी एक सोडली आहे. मी आज बाहेर आहे.”

“ती लाट तू सोडलीस. ही माझी आहे. कुणाला द्यायची ते मी ठरवतो.”

लाट उभी राहू लागली. खालचं पाणी ओढलं जाऊ लागलं आणि दोन्ही फळ्या हलल्या. यतीनची बोटं अजून म्हाताऱ्याच्या गळ्यावर होती. शीर आणखी जोरात उडू लागली होती. त्याला आता कळेना, की त्यातली म्हाताऱ्याची धडधड कुठली आणि आपली कुठली.

“मेस्त्री, पण भीती…”

“हात काढ,” मेस्त्री म्हणाले. “तुला दोन्ही लागतील.”