शब्दांची भिशी

एका गावात, बायकांची पैशांची भिशी असते ना, तशी पोरींची एक शब्दांची भिशी होती. दर रविवारी ती शाळेच्या ओट्यावर भरे. प्रत्येकीने एक अवघड इंग्रजी शब्द आणायचा, अर्थ, समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दासकट. मग चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिच्याकडून बाकीच्यांनी आपापला शब्द घोटून घ्यायचा.

त्यात वैजयंती मोठी हुशार, पण द्यायची वेळ आली की हात आखडता. शहरातल्या कॉलेजची शिष्यवृत्ती इंग्रजीच्या परीक्षेवरून तालुक्यातून एकीलाच मिळणार होती आणि तिची मैत्रीण तस्लीमही त्याच परीक्षेला बसणार होती. म्हणून वैजयंतीने भारी शब्द आपल्यापाशीच ठेवले. भिशीत ती 'बिग' नाहीतर 'हॅपी' टाकायची आणि वर साळसूदपणे म्हणायची, "बाई, मला तर याहून अवघड सापडतच नाही!"

एका रविवारी नेमकी तिचीच चिठ्ठी निघाली. तस्लीम तिच्यासमोर मांडी घालून बसली. "मॅग्नॅनिमस. म्हणजे मोठ्या मनाचा. समानार्थी जेनरस, विरुद्धार्थी स्टिंजी, म्हणजे कंजूष. म्हण बघू." पाठ होईपर्यंत तिने वैजयंतीला सोडलं नाही.

वैजयंतीचा चेहरा उतरला. "अगं, परीक्षेला तर तूही आहेस. मग इतका चांगला शब्द मला कशाला देतेस?"

"दिला म्हणून माझ्याकडचा संपला होय? उलट तुला शिकवताना मलाच पक्का झाला," तस्लीम हसून म्हणाली.

वैजयंतीला स्वतःची लाज वाटली. तिने तिथल्या तिथे दडवलेले शब्द बाहेर काढले. 'रिलक्टंट' म्हणजे नाखूश, एवढं आठवलं. पण त्याचा विरुद्धार्थी शब्द काही केल्या ओठांवर येईना. कुणाला कधी सांगितलाच नव्हता ना! सगळ्याजणी डोकं लावून बसल्या, तेव्हा कुठे 'विलिंग', म्हणजे राजी, सापडला.

शिष्यवृत्ती तस्लीमला मिळाली. वैजयंतीला हेवा वाटला, खोटं कशाला सांगा? पण पेढ्यांचा पुडा घेऊन तस्लीम आधी तिच्याच दारात आली.

"वैजू, तोंडी परीक्षेत मला 'रिलक्टंट'च विचारला गं! तू दिला नसतास तर माझी दातखीळ बसली असती. तुझे उपकार कसे फेडू?"

वैजयंतीचे डोळे भरून आले. "उपकार तुझे, तस्लीम. तू आधी दिलंस म्हणून मला द्यायचं सुचलं. नाहीतर तो शब्द माझ्यापाशी नुसता पडून राहिला असता."

पुढच्या रविवारी भिशीतला सगळ्यांत अवघड शब्द वैजयंतीने आणला होता.

तात्पर्य: विद्या दडवली तर आपल्याजवळचीही जाते, वाटली तर दोघांकडे राहते, म्हणून देणाऱ्याचे उपकार आपणही दुसऱ्याला देऊनच फेडावेत.